चमच्यातला ‘च’ आणि परकी भाषा

माझी मुलगी सहावीत जर्मन शिकायला लागली आणि पहिल्याच महिन्यात ‘झेड’पाशी अडली. वेळेसाठी जर्मनमध्ये जो शब्द आहे तो झेडने सुरू होतो. इंग्रजीच्या सवयीने ती त्याला ‘झाइट’ म्हणायची. वर्गात मॅडमनी ‘टी आणि एस एकत्र म्हणा’ असं इंग्रजीतून सांगितलं, तेव्हा ती ‘टसाइट’ म्हणायला लागली. मला जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. पण तिने मोबाइलवर तो उच्चार ऐकवला आणि मला तो लगेच ओळखता आला. आपल्या चमच्यातला च! चहातला किंवा चारातला नाही, तर चमचा, चाक, चूल यांतला, दातांजवळून निघणारा. तिला म्हटलं, आधी ‘चाक’ म्हण, आता त्याच चने तो शब्द म्हण. एका दमात आला. तीन तासिकांत जे बसलं नव्हतं ते स्वयंपाकघरात अर्ध्या मिनिटात बसलं.

मी नागपुरातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. दंत्य आणि तालव्य च हा आमच्याकडे व्याकरणातला एक कोपऱ्यातला मुद्दा. परीक्षेत येत नाही म्हणून पुष्कळदा वगळलाही जातो. त्या दिवसापासून मी तो वगळत नाही. आणि त्या दिवसापासून एक मत माझ्या मनात पक्कं होत गेलं. परक्या भाषेत मूल पुढे जावं असं वाटत असेल तर ती भाषा त्याच्या मराठीला जोडून शिकवली पाहिजे. आपण आज ती इंग्रजीला जोडून शिकवतो आणि तिथेच मुलांची निम्मी मेहनत वाया जाते.

आधी नागपुरात सध्या काय चालतं ते सांगते. धरमपेठ घ्या, त्रिमूर्तीनगर घ्या की मनीषनगर, बहुतेक इंग्रजी शाळांत पाचवी-सहावीच्या सुमारास पालकांपुढे एक कागद येतो : तिसरी भाषा कोणती? पालकसभेत या प्रश्नावर जी चर्चा होते तिच्यात भाषा हा शब्द क्वचित येतो. येतो तो ‘स्कोरिंग’. फ्रेंच स्कोरिंग आहे, संस्कृत त्याहून स्कोरिंग आहे, जर्मनला शिकवणी मिळेल का, हिंदी घरी येतेच तर गुण का घालवायचे. मी या पालकांना दोष देत नाही. दहावीचा एकेक टक्का प्रवेशाच्या यादीत मोजला जातो हे त्यांना माहीत आहे. पण गुणांसाठी घेतलेली भाषा गुण देते आणि तिथेच थांबते, हे मी माझ्याच घरात पाहिलं आहे.

माझ्या भाचीला दहावीला फ्रेंचमध्ये ९६ गुण मिळाले. निकालानंतर आम्ही सगळे पेंचला गेलो होतो. तिथे न्याहारीच्या वेळी शेजारच्या टेबलावर एक फ्रेंच जोडपं बसलं होतं. भावाने कौतुकाने सांगितलं की ही फ्रेंच शिकली आहे. त्या बाई खूश झाल्या आणि तिच्याशी सावकाश, प्रेमाने बोलायला लागल्या. भाचीने ‘बाँझूर’ म्हटलं, आणि त्यापुढे पाच वर्षांचं शिक्षण गप्प झालं. तिला त्यांचा प्रश्न कळला नाही, कळला असता तरी उत्तर देता आलं नसतं. परतीच्या वाटेवर ती गाडीत रडली. ‘आत्या, मला पत्र लिहिता येतं गं, पन्नास मार्कांचं व्याकरण येतं,’ एवढंच म्हणाली. तिच्या हुशारीत किंवा कष्टात काही उणं नव्हतं. पाच वर्षांत तिला फ्रेंच बोलायला कुणी लावलंच नव्हतं. वर्गात प्रश्नोत्तरं फळ्यावर यायची, वहीत उतरायची आणि पेपरात जायची.

तासिकांचा हिशेब मांडला तर हे जास्तच खुपतं. आठवड्याला तीन तासिका आणि वर्षाचे पस्तीस आठवडे धरले तर शंभराच्या आसपास तासिका होतात. युरोपात भाषेच्या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत मोजतात. त्यातली ए१ ही पहिली पायरी : स्वतःची ओळख करून देणं, समोरच्याला कुठे राहता, काय करता असं विचारणं, कुणी सावकाश बोललं तर समजणं. या पातळीच्या जर्मन परीक्षेसाठी ती परीक्षा घेणारी ग्योटे इन्स्टिट्यूट ही जर्मन संस्था ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका सुचवते. म्हणजे आमच्या शाळांच्या वेगानेसुद्धा सातवी संपेपर्यंत मुलाने ही पायरी चढायला हवी. दहावीपर्यंत तर तिच्या बरीच पुढे जायला हवं. वेळ अपुरा पडतो ही तक्रार त्यामुळे मला पटत नाही. वेळ आहे, तो चुकीच्या कामात जातो.

आता सरकारी धोरणाबद्दल थोडं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन या भाषांचा उल्लेख आहे. त्याच धोरणात तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात असंही म्हटलं आहे. इंग्रजी कुणी सोडणार नाही, तेव्हा तीनांच्या चौकटीत फ्रेंच-जर्मनला जागा उरत नाही. त्यांना चौथी, ऐच्छिक भाषा म्हणूनच राहावं लागेल. पालकांत यावरून नाराजी आहे. मला मात्र दोन भारतीय भाषांचा आग्रह योग्य वाटतो, आणि तो परक्या भाषेच्याही हिताचा वाटतो. कसा, ते पुढे सांगते. धोरणं ज्या घाईने बदलतात ते मात्र मुलांवर अन्याय करणारं आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून चालू असलेलं जर्मन वर्षाच्या मध्यावर थांबवून संस्कृत आणायचं ठरलं. आपल्या राज्यात १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनमध्ये तो बदलला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. भाषा शिकायला सलग काही वर्षं लागतात, हे अशा निर्णयांच्या वेळी कुणाच्या ध्यानात राहतं की नाही असा प्रश्न पडतो.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, मंडळ कोणतंही असो, मराठी सक्तीची आहे. पण इंग्रजी शाळांतल्या मराठीच्या तासिकेची अवस्था मी जवळून पाहिली आहे. ती तासिका खेळाच्या सरावाला, स्नेहसंमेलनाच्या तालमीला, गणिताच्या राहिलेल्या भागाला दिली जाते. ज्या घरात फ्रेंचच्या शिकवणीला महिन्याला पैसे मोजले जातात त्याच घरात ‘मराठी काय, येतेच’ असं म्हटलं जातं. मराठी बोलता येते हे खरं. पण मराठीत लिंगं किती, विभक्ती म्हणजे काय, क्रियापद कशाप्रमाणे बदलतं, हे त्या मुलाला कुणी दाखवलेलं नसतं. मग फ्रेंच-जर्मनमध्ये हेच सगळं पहिल्यांदा, परक्या शब्दांत आणि इंग्रजी स्पष्टीकरणातून त्याच्यासमोर येतं. त्या इंग्रजीत तर यातल्या निम्म्या गोष्टी नाहीतच.

लिंगाचंच बघा. टेबल पुल्लिंगी कसं, असं इंग्रजीतून शिकणारं मूल हैराण होऊन विचारतं. मराठी मुलाला हा प्रश्न पडायला नको. त्याच्या भाषेत खुर्ची ती असते, दरवाजा तो असतो, टेबल ते असतं. जर्मनमध्येही तीनच लिंगं आहेत. कोणत्या वस्तूला कोणतं हे पाठ करावं लागेल, कारण आपलं टेबल नपुंसकलिंगी आणि त्यांचं पुल्लिंगी. पण वस्तूंना लिंग असतं आणि विशेषणं-सर्वनामं त्यानुसार वळतात, ही अवघड कल्पना मुलाच्या अंगात दोन वर्षांचं असल्यापासून आहे. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी कशी, ‘डास मेडशन’ का, हे तर आमच्या नागपुरी माणसाला कुणी समजवायलाच नको. आमचं ‘लेकरू’ मुलगी असली तरी ते लेकरूच असतं. आणि तो जर्मन शब्दही मुळात लहानपणा दाखवणाऱ्या प्रत्ययाचा आहे. वर्गात एकदा ‘लेकरू’ म्हटलं की काम झालं.

विभक्तीत तर मराठीचा फायदा आणखी मोठा आहे. इंग्रजीत आपण ‘आय लाइक’ म्हणतो, आवडणारा माणूस कर्ता होतो. मराठीत आपण ‘मला नागपूर आवडतं’ म्हणतो. मला, मी नाही. जर्मनमध्ये म्हणतात ‘नागपूर गफेल्ट मीअर’, आणि त्यातला मीअर म्हणजे अगदी आपला ‘मला’. थंडी वाजते तेव्हा जर्मन माणूस ‘मीअर इस्ट काल्ट’ म्हणतो, म्हणजे मला थंड आहे. फ्रेंचमध्ये ‘सा म प्ले’, ते मला आवडतं. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला हे उलटं भासतं आणि त्याची वाक्यं वर्षानुवर्षं चुकतात. मराठीतून पाहणाऱ्याला ते सरळच असतं. ‘मी आजारी आहे म्हणून’ हे सांगताना जर्मन क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं : ‘वाइल इश क्रांक बिन’, कारण मी आजारी आहे. शब्दाला शब्द लागतो. एकवीसला इंग्रजीत वीस आधी आणि एक नंतर येतो. जर्मनमध्ये ‘आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश’, एक आणि वीस, आपल्या एकवीससारखंच. मराठी मुलाने हे इंग्रजीच्या वळणाने का घोकायचं?

फ्रेंचमधला एक नियम मुलांना फार छळतो. भूतकाळात कर्म आधी आलं की क्रियापदाचं रूप त्या कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. मी लिहिलेलं पुस्तक म्हणताना ‘एक्री’, आणि मी लिहिलेली चिठ्ठी म्हणताना ‘एक्रित’. वरचं मराठी वाक्य पुन्हा वाचून बघा. लिहिलेलं, लिहिलेली. मुलगा लिहितो की मुलगी, याचा तिथे संबंध नाही. जे लिहिलं त्याचा आहे. भाचीला मी हे दाखवलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. हा नियम तिने इंग्रजी टिपणांतून तीन पानं भरून लिहून काढला होता.

उच्चारांतही तसंच. इंग्रजी वाचायची सवय लागलेली मुलं फ्रेंचमधला ‘टी’ आपल्या टपरीतल्या ट सारखा म्हणतात. फ्रेंच त हा आपल्या ताटातला त आहे, दातांना जीभ लावून म्हणायचा. फ्रेंच प, क हेही आपल्या प, क सारखेच स्वच्छ आहेत, श्वास न सोडता म्हणायचे. आणि इथे नागपूरला जे आहे ते पुण्या-मुंबईच्या मुलांकडे एवढं सहज नाही. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. पहिलं विश्व हिंदी संमेलन जानेवारी १९७५ मध्ये इथेच भरलं. आमची मुलं अंगणात मराठी आणि गल्लीत हिंदी बोलत मोठी होतात. फ्रेंचमधले नाकातले स्वर ‘माँ’, ‘हाँ’ म्हणणाऱ्या मुलाला आधीच येतात. फ्रेंचमध्ये दोनच लिंगं आहेत, हिंदीसारखी. ग़ज़लेतला ग़ ऐकलेल्या कानाला फ्रेंच ‘र’ची जागा सापडते. ‘करून राहिला’, ‘येऊन राहिली’ या आमच्या बोलीला लोक नावं ठेवतात, पण दोन भाषा एका तोंडात नांदवण्याची जी सवय त्या बोलीत आहे ती परकी भाषा शिकताना फार मोलाची आहे.

जपानीबद्दल बोलल्याशिवाय नागपूरचं बोलणं पुरं होणार नाही. नागपूरशेजारच्या कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर १९९९ मध्ये जपानी मदतीतून उभं राहिलं. जपानमधून आलेले भदन्त सुरेई ससाई नागपूरचेच होऊन गेले. दीक्षाभूमीवर दरवर्षी जपानी भिक्खू आणि उपासक दिसतात. जपानीत ‘हे पुस्तक आहे का’ असं विचारायचं तर ‘कोरे वा होन देस का’. हे, पुस्तक, आहे, का : चारही त्याच क्रमाने, आणि शेवटचा ‘का’ तर अर्थालाही तोच. शब्दाच्या मागे ‘ला’, ‘ने’, ‘त’ जोडायची आपली रीतही तिथे आहे. त्यांची अक्षरमाला अ, इ, उ, ए, ओ आणि मग क-ओळीने सुरू होते, कारण तिच्या मांडणीवर बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णविचाराचा प्रभाव आहे. कामठीच्या मुलाला जपानी इंग्रजीतून शिकवणं हा मला सरळ सरळ तोटा वाटतो.

दीक्षाभूमीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक आठवण. बाबासाहेबांना मुंबईच्या शाळेत संस्कृत शिकायचं होतं. ते त्यांना नाकारलं गेलं आणि नाइलाजाने पर्शियन घ्यावं लागलं. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या जिद्दीने मिळवलं. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ढीगभर विषयांबरोबर त्यांनी प्राथमिक फ्रेंच आणि जर्मनही घेतलं होतं. त्यांना त्या भाषांतून काहीतरी वाचायचं होतं. ‘तिसरी भाषा कोणती’ या कागदासमोर बसलेल्या पालकांनी मुलाला एवढंच विचारावं : तुला या भाषेतून काय करायचं आहे? कुणाला तिथल्या फुटबॉलचं वेड असेल, कुणाला जपानी चित्रकथांचं, कुणाला जर्मनीत परिचारिका म्हणून जायचं असेल. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केल्यापासून ही शेवटची इच्छा विदर्भातल्या घरांतूनही ऐकू येते. ती खरी करायला साधारण बी२ पातळी लागते, आणि तिथे पोचायला लागते ती बोलता येणारी जर्मन.

माझ्या मताला दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला फ्रेंच-जर्मनच्या शिक्षकांचा : भाषा त्याच भाषेतून शिकवावी, मध्ये कुणाची लुडबुड नको. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. वर्गात दिवसभर फ्रेंच कानावर पडत असेल तर मी मराठीचा आग्रह एका क्षणात सोडेन. पण आठवड्याच्या तीन तासिकांत, चाळीस-पन्नास मुलांत, प्रत्यक्ष चालतं ते इंग्रजी. मग मध्यस्थ हवाच असेल तर जवळचा निवडा. दोन मिनिटं मराठीत उलगडा करा आणि उरलेली तेहतीस मिनिटं फ्रेंच बोला. दुसरा आक्षेप असा की वर्गात सिंधी, तेलुगू, हिंदी बोलणारी मुलंही असतात. असतात, आणि त्यांच्याही भाषांत ‘मुझे पसंद है’ असंच म्हणतात. नागपूरच्या वर्गात मराठी-हिंदी मिळून कुणी उपाशी राहत नाही. मराठीची मदत कुठे संपते हेही मुलांना सांगावं लागतं. साध्या जर्मन वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी बसतं, तिथे आपली सवय आडवी येते. नामाआधीची ती छोटी उपपदं, इंग्रजीतल्या ‘द’सारखी, आपल्याकडे नाहीत, ती घोकावीच लागतात. फ्रेंचमधला ओठ गोल करून म्हणायचा ‘इ’ आपल्याकडे नाही.

आता घरचं. ‘आम्हाला ती भाषा येत नाही, आम्ही काय मदत करणार’ हे वाक्य मी पालकसभेत इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचं उत्तर सविस्तर द्यावंसं वाटतं. येत नाही म्हणूनच तुम्ही चांगले विद्यार्थी आहात. मुलाला रोज दहा मिनिटं तुम्हाला शिकवायला लावा. आमच्या घरी रात्री भांडी घासून झाली की मुलगी मला आजचा धडा शिकवते. मी चुकते, ती सुधारते, आणि मला समजावताना तिला कळतं की आपल्यालाच हे नीट कळलेलं नाही. माझी आई काटोलला असते, लहानपणी विसावर मोजायला शिकलेली. भाचीने तिला सांगितलं की फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतात. आई म्हणाली, ‘मग बरोबर आहे, चार विसा.’ त्या दिवसापासून भाचीला फ्रेंच आकडे कठीण वाटेनासे झाले.

शब्द लक्षात राहत नाहीत ही दुसरी तक्रार. हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं, आणि थोड्या थोड्या अंतराने पुन्हा आठवलं तर ते टिकतं. परीक्षेच्या आदल्या रात्री दीडशे शब्द घोकण्याचा उपयोग दुसऱ्या दिवसापुरताच. आम्ही बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. एका चिठ्ठीवर एक शब्द, उपपदासह, आणि मागे मराठी अर्थ. बरोबर आठवलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकलेली पहिल्या कप्प्यात परत येते. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, पाचवा महिन्याने. खर्च शून्य. मागे इंग्रजी अर्थ लिहू नका, हे मी प्रत्येकाला बजावते. शब्द मराठीला चिकटला की मुलाच्या घराला चिकटतो.

आणि कान. परक्या भाषेत पुढे गेलेलं प्रत्येक मूल मी पाहिलं ते ऐकून पुढे गेलेलं. डॉइचे वेले ही जर्मन प्रसारणसंस्था सावकाश वाचलेल्या जर्मन बातम्या फुकट देते, फ्रान्सच्या आरएफआय रेडिओकडे सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र आहे, जपानच्या एनएचकेचे जपानी धडे हिंदीतूनही मिळतात. सुभाषनगरहून सीताबर्डीपर्यंत मेट्रोत जेवढा वेळ लागतो तेवढा रोजचा पुरतो. पहिले दोन महिने काही कळणार नाही, आणि ते मुलाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते घाबरणार नाही. मग एका वाक्याची ओळ ऐकून तीच ओळ आवाजासकट पुन्हा म्हणायची, मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि महिन्यापूर्वीची ऐकून बघायची. आपण पुढे आलो हे मुलाला असं स्वतःच्या कानांनी कळतं. प्रगतिपुस्तकातून ते कळत नाही. बोलताना मध्येच चूक दुरुस्त करू नका. मी हे खूप उशिरा शिकले, शिक्षिका असूनही. मराठीत चुकीचं बोललं तरी आपण लहान लेकराला हसत हसत बोलू देतो, आणि तीच सूट जर्मनला देत नाही.

शाळेकडून मात्र एक गोष्ट मागून घेतलीच पाहिजे, कारण ती घरी होणार नाही : तोंडी परीक्षा. सीबीएसईला दहावीत भाषेची ८० गुणांची लेखी परीक्षा असते आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. त्या वीसांत बोलण्याला खरी जागा देणं शाळेच्या हातात आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ते गुण वह्या-प्रकल्पांवर दिले जातात. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण असतात आणि प्रत्येकात किमान ५ मिळाल्याशिवाय उत्तीर्ण होता येत नाही. लिखाणात पैकीच्या पैकी मिळवून तोंड बंद ठेवलेलं मूल तिथे पास होत नाही. (जपानीच्या जेएलपीटीत बोलण्याची परीक्षा नाही, म्हणून जपानी घेणाऱ्यांच्या पालकांनी दुप्पट सावध राहावं.) सहावीपासून दर सत्रात प्रत्येक मुलाची पाच मिनिटांची तोंडी परीक्षा ठेवा. पन्नास मुलांना तासिकांतून दोन-अडीच आठवडे लागतील. शिक्षक म्हणतील वेळ नाही. मी स्वतः शिक्षिका आहे आणि सांगते की आहे. एक घटक चाचणी कमी करा. जे परीक्षेत असतं तेच वर्गात होतं, हा आमच्या व्यवस्थेचा दोष असेल, पण तोच वापरून घेता येतो.

दहावीनंतर जे होतं ते सगळ्यात दुःखाचं आहे. भाषा नुकती तोंडात बसायला लागते आणि अकरावीला विज्ञान घेतलेलं मूल तिचा हात सोडतं. उलट ज्याने कधी फ्रेंच पाहिलं नाही ते अकरावीत स्कोरिंग म्हणून पहिल्यापासून सुरू करतं. पाच वर्षं शिकलेल्यांसाठी वेगळा, पुढचा वर्ग नागपुरातली चार-दोन महाविद्यालयं मिळून शनिवारी चालवू शकतात. गरज एका खोलीची आणि एका शिक्षकाची आहे.

भाची आता बारावीत आहे, विज्ञानाला. फ्रेंच कॉलेजात नाही, पण तिने सोडलेलं नाही. ए२ च्या परीक्षेला पुण्याला जायचं तिने ठरवलं आहे आणि तोंडी भागाचीच तिला धास्ती आहे. दर रविवारी ती काटोलला आजीला फोन लावते आणि दहा मिनिटं फ्रेंचमध्ये आठवड्याची हकीकत सांगते. आईला त्यातलं काही कळत नाही. ती मध्ये मध्ये ‘हो का? मग?’ म्हणते, आणि भाची पुढचं वाक्य शोधायला लागते.